शोकेसवरचा स्पीकर

पुढच्या रविवारची गाण्याची बैठक आपल्या घरी ठरली, असे सांगतच प्रभाकरराव घरात शिरले आणि त्यांनी शोकेसवरचा गणपती उचलून फ्रिजवर ठेवला.

"बाप्पाले काऊन हलवलं?" शोभाबाईंनी स्वयंपाकघरातून विचारले.

"बाप्पाचं काही नाई. बाप्पाच्या खालचा स्पीकर पायजे मले."

बाप्पाच्या खाली एक स्पीकर आहे, हे घरात सगळेच विसरले होते. अंकित शाळेत होता तेव्हा शोभाबाईंच्या हैदराबादच्या भावाने तो आणला होता. लांबट, काळा, दोन्ही बाजूंना जाळी आणि मधोमध फोन उभा खोचायची खाच. फोन खोचला की तो चार्जही होई आणि गाऊही लागे. पुढे तो फोन हौदात पडला, त्या जातीचे फोन येणे बंद झाले आणि त्या खाचेत बाप्पाचा पाट नेमका बसतो असे शोभाबाईंच्या लक्षात आले. तेव्हापासून स्पीकर मुका होता आणि रोज त्याच्यावर हळदीकुंकू पडत होते.

प्रभाकररावांचे पुलगावात मेन रोडवर भांड्यांचे दुकान. परात असो की पातेले, टिचकी मारून आवाज ऐकल्याशिवाय ते गिऱ्हाइकाच्या हाती देत नसत. त्यामुळे आवाजातले आपल्याला कळते, असा त्यांचा पक्का समज होता. गेल्या वर्षी दुकान अंकितच्या हाती देऊन ते कराओकेच्या नादी लागले. मोबाईलवर गाण्याचे नुसते संगीत लावायचे, पडद्यावर शब्द सरकतात, ते बघून आपण गायचे. गावातल्या चौघांचे मंडळच झाले होते. दर रविवारी कोणाच्या तरी घरी बैठक, आणि प्रत्येक बैठकीला मधुकरराव आपला ट्रॉली स्पीकर ओढत आणीत. मधुकरराव पुलगावच्या दारूगोळा डेपोतून निवृत्त झालेले. त्यांचा स्पीकर कमरेएवढा उंच, त्यात लाल-हिरवे दिवे फिरत, आणि त्यातून कोणीही गायले तरी बसस्टँडवर गाडी लागल्याची सूचना चालली आहे असे वाटे.

यावेळची बैठक साधी नव्हती. चौकातल्या गणेश मंडळाने पहिल्या दिवशी स्टेजवर दोन गाण्यांची जागा दिली होती. चौघांतले दोघे कोण, ते रविवारी ठरायचे होते. अडचण अशी, की त्या चौघांनी आजवर एकमेकांना 'वा' याखेरीज काही म्हटलेच नव्हते. प्रभाकररावांना स्टेज हवे होते. शाळेच्या गॅदरिंगनंतर ते स्टेजवर चढले नव्हते. आपला आवाज चांगल्या स्पीकरवरच्या संगीताबरोबर एकदा लोकांना ऐकू आला, की निकाल आपोआप लागेल, अशी त्यांची खात्री होती.

"अंकित, लाव बरं माहा फोन याच्यात."

अंकितने फोन पाहिला, खाच पाहिली. "बाबा, ही खाच बोटभर रुंद आहे. तुमच्या फोनचं तोंड मुंगीएवढं. कसा बसंन?"

"थोडा दाबून पाय."

"दाबला तं फोन मोडंन."

"मंग स्पीकर दाब."

"नवा घेऊ ना, बाबा. हातात मावते एवढे भेटतेत आता."

"हातात मावते त्याचा आवाज हातातच राह्यते," प्रभाकरराव म्हणाले आणि स्पीकरच्या पाठीवर टिचकी मारून त्यांनी कान टेकवला. "याचं पोट पाय. हे पोट नव्यात नाई भेटत."

स्पीकरच्या मागे एक गोल भोक सापडले. शोभाबाईंनी माळ्यावरून जुन्या वायरींची पिशवी काढली, तिच्यातून दोन्ही टोकांना सारखी पिन असलेली वायर निघाली. एक टोक स्पीकरमध्ये गेले. दुसरे टोक हातात धरून प्रभाकरराव फोन उलटा-सुलटा करू लागले, गळक्या तांब्याचे भोक शोधावे तसे. फोनला ते भोकच नव्हते.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः मोबाईलच्या दुकानात जाऊन बोटभर लांबीचा एक तुकडा घेऊन आले. तुकड्याची एक बाजू फोनच्या बारीक तोंडात जाई आणि दुसऱ्या बाजूला हवे ते गोल भोक होते. सगळे जोडले, गाणे लावले आणि इतक्या वर्षांनी स्पीकर बोलला. शोकेसमधल्या कपबशा हलल्या. प्रभाकररावांचे डोळे चमकले. मग त्यांच्या लक्षात आले की पेटी ऐकू येते, तबला ऐकू येतो, पण गाणारी बाई कुठेच नाही.

"गाणारी गेली कुठं?"

अंकितने पिन जरा आत ढकलली. बाई आली. हात सोडला, बाई गेली. "कनेक्शन ढिलं आहे, बाबा. गाणाऱ्याचा आवाज उडून राह्यला, बाकी सारं येऊन राह्यलं."

प्रभाकरराव खुर्चीवरून उठले. "म्हणजे कोणतंबी गाणं लावा, गाणारा गायब? अरे, याच्यासाठीच तं लोक मोबाईलवर शोधत बसतेत. हे आपोआप होऊन राह्यलं."

ती सगळी संध्याकाळ त्यांनी गाणारे गायब करण्यात घालवली. फक्त वायर एका विशिष्ट कोनात तिरपी धरावी लागे. कपडे वाळवायचा चिमटा लावून पाहिला, तो घसरला. रबर लावले, ते तुटले. शेवटी अंकितचे बोट तेवढे बरोबर बसले.

"रविवारी तू इथंच बसजो, वायर धरून."

"सारा वेळ?"

"मधात चहा घेजो."

सुदैवाने अंकितवर ती वेळ आली नाही. जास्तीच्या वाकवण्याने वायर मानेतून तुटली आणि त्या रात्री प्रभाकरराव तुटकी वायर ताटाशेजारी ठेवून जेवायला बसले. शोभाबाईंनी दोनदा भाजी वाढली, ती त्यांनी दोनदा खाल्ली. ते बघून अंकितने मोबाईलवर शोध घेतला. त्या जुन्या खाचेत बसणारा आगपेटीएवढा एक ब्लूटूथचा तुकडा मिळतो, असे त्याला दिसले. तुकडा खाचेत बसवला की वायर लागत नाही, फोन खिशातून गातो. त्याने तो मागवला.

शनिवारी सकाळी तुकडा आला. खाचेत बसवला तर काहीच होईना. अंकितने मोबाईलचा उजेड पाडून आत पाहिले. खाचेत हळद, कुंकू आणि उदबत्तीची राख गच्च बसली होती. प्रभाकररावांनी आपला दात घासायचा ब्रश आणून खाच स्वच्छ केली. तुकडा पुन्हा बसवला. निळा दिवा लुकलुकला आणि स्पीकरमधून एक बाई इंग्रजीत काहीतरी बोलली.

"ही कोन?" शोभाबाई बाहेर आल्या.

"मशीन आहे, आई. फोन जोडला म्हणून सांगते," अंकित म्हणाला.

गाणे लागले. यावेळी पेटी, तबला, गाणारी, सगळे जागच्या जागी होते आणि आवाज असा भरलेला, की प्रभाकरराव अंगणात गेले, तिथून ऐकले, मग गच्चीवर गेले, तिथून ऐकले आणि खाली येऊन मुलाच्या पाठीवर थाप मारली. शेजारच्या दोघांना बोलावून त्यांनाही गच्चीवरून ऐकवले.

"माहाबी फोन लावून दे ना," शोभाबाई म्हणाल्या. "सकाळी भजनं लावत जाईन."

अंकितने तोही जोडून दिला. "पण याले एका वक्ती एकच फोन चालते," तो म्हणाला. "एक दूर गेला का हा दुसरा धरते." पण तोवर प्रभाकररावांनी नवे गाणे लावले होते आणि त्याचे ते बोलणे कोणी ऐकले नाही.

रविवारी संध्याकाळी मंडळ जमले. मधुकररावांना ट्रॉली आणू नका असे निक्षून सांगितले होते, त्यामुळे ते मोकळ्या हातांनी, जरा अवघडल्यासारखे आले. नाचणगावहून नत्थूजी आले. त्यांचा भाजीचा मळा होता आणि ते कोणाच्याही घरी येताना वांगी घेऊन येत. निवृत्त मुख्याध्यापिका कुंताबाई ठरल्या वेळेला, म्हणजे सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या होत्या.

"हा एवढाच?" मधुकररावांनी स्पीकरकडे पाहून विचारले.

प्रभाकररावांनी खिशातला फोन काढून त्यावर बोट फिरवले. गाण्याच्या सुरुवातीचे संगीत सुरू झाले आणि खोलीभर पसरले. मधुकरराव उठून स्पीकरजवळ गेले, मागे बघितले, खाली बघितले. "आवाज गोल आहे," एवढे म्हणून ते जागेवर येऊन बसले. प्रभाकररावांना यापेक्षा जास्त काही नको होते.

पहिले मधुकरराव गायले. सगळे "वा" म्हणाले. मग नत्थूजी गायले, सगळे "वा" म्हणाले. कुंताबाई गायल्या, पुन्हा "वा" झाले. प्रभाकररावांनी आपला नंबर मुद्दाम शेवटी ठेवला होता. ते उभे राहिले, घसा साफ केला आणि फोन वाजला. हैदराबादचे मेहुणे. सकाळपासून प्रभाकररावांनी त्यांना चारदा फोन लावला होता, तेव्हा कुठे त्यांचा उलट फोन आला होता.

"हॅलो, अहो, तुमचा स्पीकर सुरू केला ना जी मी," म्हणत प्रभाकरराव बाहेर पडले. आनंदात फोनवर बोलताना त्यांचे पाय थांबत नसत. बोलत-बोलत ते फाटकाबाहेर गेले, गल्ली ओलांडली आणि कोपऱ्यावरच्या पानठेल्यापर्यंत पोचले.

इकडे स्पीकरमधली बाई काहीतरी बोलली, निळा दिवा विझला, लुकलुकला आणि पुन्हा स्थिर झाला. अंकितला हायसे वाटले.

स्वयंपाकघरात शोभाबाई भजी तळत होत्या. लेक हर्षा समुद्रपूरला दिलेली. बैठकीची हकीकत तिला कळवायची होती, पण हात बेसनाने भरलेले, म्हणून त्या मघापासून तिला बोलून मेसेज पाठवत होत्या. आत्ता हर्षाचे उत्तर आले. शोभाबाईंनी करंगळीने ते दाबले. काहीच ऐकू आले नाही; मोठ्या गॅसची घरघर आणि भज्यांचा चरचराट यांत बाहेरचेही काही त्यांच्या कानावर येत नव्हते.

"आई, मधुकरकाकाचं तू सांगतलं ते ऐकून मी एवढी हसली, का सासूबाई झोपेतून उठल्या," बैठकीच्या खोलीत स्पीकर म्हणाला. हर्षाचा आवाज खणखणीत आणि गोल होता.

मधुकरराव ताठ झाले. "काय सांगतलं?" त्यांनी स्पीकरला विचारले.

आत शोभाबाईंनी फोनचा आवाज वाढवला आणि पुन्हा दाबले. बाहेर हर्षा पुन्हा तेच, आणखी मोठ्याने म्हणाली. कपबशा हलल्या. अंकित प्लगकडे धावला.

"थांब," मधुकरराव म्हणाले. "काय सांगतलं ते तं येऊ दे."

हर्षाचा मेसेजच बिघडला असेल, असे शोभाबाईंना वाटले. आपले ऐकू येतात का बघावे म्हणून त्यांनी आवाज पूर्ण वाढवून आपला पहिला मेसेज दाबला. अशा मेसेजांत एक संपला की पुढचा आपोआप सुरू होतो.

"हर्षा, मधुकरभाऊजी सुरू झाले पाय," शोभाबाई स्पीकरमधून बोलल्या. "डोये मिटले. आता गाणं सरल्याशिवाय उघडत नाईत. मधात सारे उठून जेवाले गेले तरी त्यायले पत्ता नाई लागायचा. आवाज असा, का डेपोचा भोंगा वाजून राह्यला."

नत्थूजींनी तोंडाला रुमाल लावला, पण खांदे हलत होते. मधुकररावांनी त्यांच्याकडे एकदा पाहिले.

"आता नत्थूजी," स्पीकर पुढे म्हणाला. "मानूस लय चांगला. वांगे बी चांगले आणते. पण दुसरं कडवं त्यायले आजवर सापडलं नाई. पयलंच तीनदा म्हणतेत आन् हात जोडून बसतेत."

रुमाल नत्थूजींच्या मांडीवर पडला. आता मधुकररावांचे खांदे हलू लागले. कुंताबाईंनी दोघांकडे वर्गात पाहावे तसे पाहिले. "हसू नका. आपल्यातल्या उणिवा कळाव्यात. अंकित, चालू राहू दे."

"कुंताबाई गाऊन राह्यल्या ना," स्पीकर म्हणाला, "तं मले वाटते हजेरी सुरू आहे. आता माहं नाव येईन आन् मले 'हजर' म्हणा लागंन."

"अंकित, बंद कर," कुंताबाई म्हणाल्या.

"राहू दे ना, बाई," मधुकरराव आणि नत्थूजी एकदमच म्हणाले. "प्रभाकररावचं राह्यलं."

त्याच क्षणी प्रभाकरराव हसतमुखाने दारात आले. मेहुण्यांशी पोटभर बोलणे झाले होते. "काय जी, कसा वाटते आवाज?" त्यांनी विचारले. सगळ्यांनी फक्त स्पीकरकडे बोट केले.

"आता तुह्या बाबाचा नंबर," स्पीकर म्हणाला. "आठवडा झाला, घरात स्पीकरशिवाय दुसरं बोलणं नाई. खरं सांगू का, हर्षा? हे आंगोळ करता करता गातेत ना, तवा मी गॅस बारीक करून ऐकत राह्यते. लय गोड गातेत. पण तो मोबाईल लावला का बिघडते. म्युझिकच्या मांगं असे धावतेत, का समुद्रपूरची लास्ट गाडी सुटून राह्यली. मी बोलली नाई कधी. त्यायले वाईट वाटंन."

स्पीकर गप्प झाला. प्रभाकरराव दारातच उभे होते, एक चप्पल पायात आणि एक हातात.

पडदा सारून शोभाबाई बाहेर आल्या. एका हातात भज्यांची ताटली, दुसऱ्यात फोन. "अंकित, माह्या मोबाईलचा आवाजच गेला पाय. केव्हाची दाबून राह्यली, काहीच ऐकू येत नाई."

"आमाले आलं ना, वहिनी," नत्थूजी हळूच म्हणाले.

शोभाबाईंनी नत्थूजींकडे पाहिले, मग अंकितकडे. अंकित स्पीकरवरच्या निळ्या दिव्याकडे बघत होता. क्षणभर त्या परत आत जातील असे वाटले. पण आत गेले तरी बोललेले काही परत येणार नव्हते. त्यांनी ताटली टेबलावर ठेवली. "भजे थंडे होतेत," त्या म्हणाल्या.

मधुकररावांनी एक भजे उचलले, सावकाश खाल्ले. "वहिनी, मी डोये उघडे ठेवले तं सुधरंन का?"

"सुधरंन ना," शोभाबाई जमिनीकडे बघत म्हणाल्या. "लोकं दिसतीन. लोकं दिसले का मानूस हळू बोलते."

"आणि माझं?" कुंताबाईंनी विचारले.

"बाई, तुमी आमाले नका ऐकवू. सोताले ऐकवा."

कुंताबाई विचारात पडल्या. मधुकरराव खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "स्टेजवर कोन जाईन, ते वहिनीच सांगतीन. आपल्याच्यानं तं होऊन नाई राह्यलं." इतके दिवस अडलेले काम एका वाक्यात सुटले.

"मी अजून गायलोच नाई," प्रभाकरराव म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. आठवडाभर ज्याच्यासाठी धावलो, त्या स्पीकरने भर बैठकीत आपला पंचनामा करावा, हे त्यांच्या जिवाला लागले होते. त्यांनी स्वतः जाऊन प्लग काढला. निळा दिवा विझला. खिशातला फोन काढून टेबलावर उलटा ठेवला. मग ते खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि काहीच न लावता गाऊ लागले.

पहिली ओळ जरा कापली. दुसऱ्या ओळीला आवाज जागेवर आला. पुढे कोणी धावत नव्हते, मागे कोणी राहत नव्हते. मन झाले तिथे ते थांबले, मन झाले तिथे वळले. आत कढईखाली गॅस मोठा राहिला होता, त्याची घरघर बाहेरपर्यंत येत होती. शोभाबाई उठल्या, आत गेल्या, गॅस बारीक केला आणि परत येऊन बसल्या. ते चौघांनीही पाहिले. पुढे काही विचारायची गरज उरली नाही.

गाणे संपल्यावर या घरात पहिल्यांदाच कोणी "वा" म्हटले नाही. नत्थूजी नुसतेच मान हलवत राहिले.

"आन् दुसरे नत्थूजी," शोभाबाई म्हणाल्या. "पण एकच कडवं म्हणा. ते लय सुंदर म्हणता तुमी. भाऊजी, माईकवर नावं पुकारायचं काम तुमी करा. तुमचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत जाते. बाई पुढच्या वर्षीच्या गणपतीपर्यंत तयार होतीन, मंग त्या कोनाले ऐकायच्या नाईत."

सगळे उठले. कुंताबाई जाताना शोभाबाईंचा हात धरून काहीतरी पुटपुटल्या, नत्थूजींनी वांग्यांची पिशवी देऊन हात जोडले. मधुकरराव मात्र चपला घालूनही अंगणात रेंगाळले. प्रभाकरराव त्यांना सोडायला फाटकापर्यंत आले.

"प्रभाकरराव, तो स्पीकर एक दिवस मले द्या ना."

"तुमच्याकडं तं एवढा मोठा आहे."

मधुकररावांनी मागे वळून पाहिले, कोणी ऐकत नाही याची खात्री केली. "आमची बायको मले लग्न झाल्यापासून 'छान' म्हणते. तिचाबी फोन जोडून घेईन म्हणतो."

प्रभाकरराव हरखले. आपल्या स्पीकरची कोणाला तरी गरज पडली होती. त्यांनी तो टॉवेलमध्ये गुंडाळून आणला, तुकडा कसा बसवायचा, दिवा केव्हा लुकलुकतो, आपला फोन कुठवर दूर न्यायचा, सगळे दोनदा समजावले.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंकित जेवायला गेल्यामुळे प्रभाकरराव दुकानात एका परातीला टिचकी मारून गिऱ्हाइकाला तिचा आवाज ऐकवत होते, तेव्हा मधुकररावांचा फोन आला. आवाज इतका बारीक, की आधी ओळखूच आला नाही.

"प्रभाकरराव, तुमचा स्पीकर घेऊन जा."

"काऊन? लागला नाई का?"

"लागला ना. बराबर लागला. वहिनीले सांगजा, त्या लय सांभाळून बोलल्या."